द्रव्यपरीक्षा आणि गंधग्राहकांचे गणित

द्रव्यपरीक्षेत गंधास आपल्या शास्त्राने मानाचे स्थान दिले आहे. वनौषधींची खरेदी असो वा तैल-घृतपाकाची सिद्धी, वैद्याच्या नाकाने दिलेला निर्णय आपण प्रमाण मानतो. मात्र ते नाक स्वतः कितपत प्रमाण आहे, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. जनुकशास्त्र व गणित यांनी मिळून या प्रश्नावर जो प्रकाश टाकला आहे, त्याची दखल वैद्यांनी आणि औषधनिर्मात्यांनी घ्यावी, असे आम्हांस वाटते.

लिंडा बक व रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये उंदरांमधील गंधग्राहक जनुकांचे मोठे कुल प्रकाशात आणले. त्याबद्दल त्यांस २००४ चे नोबेल पारितोषिक लाभले. पुढे मानवी जनुकसंचाचा आराखडा हाती आला, तेव्हा सुमारे तीनशे कोटी अक्षरांच्या त्या राशीतून ही जनुके वेचावयाची कशी, हा प्रश्न उभा राहिला. येथे गणित उपयोगी पडले. गंधग्राहक प्रथिन सुमारे ३१० अमिनो आम्लांचे असते व ते पेशीचे आवरण सात वेळा ओलांडते. आवरणात रुतणारे भाग जलविरोधी असल्याने शृंखलेच्या लहान लहान तुकड्यांच्या जलविरोधाची सरासरी काढीत गेले, की सात शिखरे दिसतात. शिवाय ज्ञात ग्राहकांत कोणत्या स्थानी कोणते आम्ल किती वेळा येते, यावरून संभाव्यतेचे कोष्टक बांधून प्रत्येक नव्या क्रमास गुण देता येतात. मध्येच खंड पडलेला क्रम निकामी जनुकाचा ठरतो. अशा छाननीतून मानवात सुमारे ४०० कार्यक्षम गंधग्राहक जनुके आणि त्यांहूनही अधिक निकामी अवशेष आढळले. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील संशोधकांनीही या क्रमांचा फ्रॅक्टल गणिताने अभ्यास केला आहे.

तथापि गणित जनुक ओळखते, गंध नव्हे. कोणता ग्राहक कोणत्या गंधास प्रतिसाद देतो, हे प्रयोगानेच ठरते. आणि अनेक ग्राहकांचा गंध अद्याप अज्ञात आहे. म्हणून 'आमच्या ग्रंथांतील गंधविचार आता सिद्ध झाला' अशी घोषणा करण्याचा मोह आपण टाळावा. पार्थिव घ्राणेंद्रियाची आपली संकल्पना आणि जनुकांची ही गणना यांची भाषा भिन्न आहे.

आपल्या व्यवसायाशी थेट संबंध आहे तो दुसऱ्याच निष्कर्षाचा. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार कोणत्याही दोन व्यक्तींच्या गंधग्राहक जनुकरूपांपैकी सरासरी ३० टक्क्यांहून अधिक रूपे कार्यदृष्ट्या भिन्न असतात. बनफशाच्या फुलांस सुवास देणाऱ्या द्रव्यांपैकी एक म्हणजे बीटा-आयोनोन. एकाच जनुकातील एका बदलामुळे ते काहींस पुष्पगंधी, तर काहींस आंबूस वाटते, असे २०१३ मध्ये दिसून आले. दोन्ही परीक्षक प्रामाणिकच; परंतु एक माल स्वीकारील व दुसरा परत पाठवील!

अनुभवाने नाक तयार होते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु जो ग्राहक मुळातच क्षीण आहे, त्याची उणीव सरावाने भरून निघेल असे गृहीत धरता येत नाही. त्यातच २०२० पासूनच्या कोविड साथीने अनेकांची घ्राणशक्ती मंदावली, काहींची दीर्घकाळ.

यास्तव आमची सूचना साधी आहे. गंधपरीक्षा किमान तिघांनी, परस्परांचे मत न ऐकता करावी व निरीक्षण लेखी नोंदवावे. प्रत्येक सुगंधी द्रव्याचा खात्रीचा नमुना घट्ट झाकून जतन करावा, ठराविक काळाने बदलावा आणि नवा माल त्याच्याशी ताडून पाहावा. तिघांत मतभेद झाल्यास ज्येष्ठाचे नाक अंतिम न मानता बाष्पनशील तैलाचे प्रमाण व वर्णलेखन यांवर निर्णय सोपवावा. यास खर्च फारसा नाही. थोडा अभिमान मात्र बाजूस ठेवावा लागेल. औषध घेणारा रुग्ण आपल्या नाकावर विश्वासून असतो. त्या विश्वासापुढे ही किंमत अल्पच म्हणावी लागेल.