भिंत कशाने पडली?

दिवाळीत उंबऱ्यावर पणती ठेवताना तो उंबरा उद्याही तिथेच असेल, हे आपण धरूनच चालतो. जानेवारी 1968 मध्ये सिसिलीच्या बेलिचे खोऱ्यात भूकंप झाला आणि जिबेल्लिना गावाला उंबरेच उरले नाहीत. नवे गाव काही किलोमीटरवर वसले. नगराध्यक्ष लुडोविको कोर्राओ यांनी त्यासाठी कलावंतांना बोलावले, तेव्हा त्यांपैकी आल्बेर्तो बुर्री यांनी नवे गाव सोडून जुन्या गावाचे ढिगारे निवडले. घरांचा राडारोडा जागच्या जागी दाबून त्यावर पांढरे काँक्रीट ओतले गेले. माणसाच्या खांद्याएवढे उंच ठोकळे, आणि त्यांच्या मधून बऱ्याच अंशी जुन्या गल्ल्यांच्याच मार्गाने जाणाऱ्या वाटा, अशी ही सुमारे 20 एकरांची शिल्पभूमी आहे. तिचे नाव ‘क्रेत्तो’, म्हणजे भेग. 1989 मध्ये पैशाअभावी थांबलेले काम 2015 मध्ये, बुर्रींच्या जन्मशताब्दीला, पुरे झाले.

या शिल्पावरचे आक्षेप हलके नाहीत. बेघर माणसे वर्षानुवर्षे बराकींत राहत असताना शिल्पावर खर्च कशाला, हा पहिला. त्याचे उत्तर सरळ आहे: घर आधी, स्मारक नंतर, हा क्रम कोणत्याही कलेसाठी बदलू नये. मात्र घरे मिळाली की स्मृतीची गरज संपते, असे त्यातून निघत नाही. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ढिगाऱ्यात लोकांचे संसार होते, त्यांवर काँक्रीट ओतणे हे दुसऱ्यांदा गाडणेच नव्हे काय? पण उघडे पडलेले अवशेष पावसात झिजतात, झुडपांत हरवतात, आणि दोन पिढ्यांत गाव कुठे होते हेही सांगता येत नाही. स्मारकाचा स्तंभ कोणत्याही चौकात उभारता येतो. बुर्रींचे काम त्या उतारावरून हलवता येणार नाही, कारण त्याचा आकार गावानेच दिला आहे. आपत्तीच्या स्मारकाने जागा धरून ठेवावी, ही पहिली अट ते पुरी करते.

स्मारकाने कारणही सांगावे, ही दुसरी अट मात्र ते पुरी करत नाही. इथे काय हरवले हे भेगांतून चालणाऱ्याला कळते. का हरवले, हे कळत नाही. जपानमधल्या आनेयोशी गावात 1933 च्या त्सुनामीनंतर एक साधा दगड बसवला गेला. याच्या खाली घरे बांधू नका, असे त्यावर कोरलेले आहे. 2011 ची लाट त्या दगडाच्या खालीच थांबली, आणि गावाने त्याचे ऐकले असल्याने तिच्या वाटेत घरे नव्हती. कलेच्या मोजमापात तो दगड बुर्रींच्या कामाच्या जवळपासही येणार नाही, पण त्याने घरे वाचवली.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरातील भूकंपात हजारो माणसे झोपेतच गेली. दख्खनचे पठार स्थिर मानले जात होते, म्हणून घरे भूकंपाचा विचार न करता बांधलेली होती. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, त्यांचे दोन पदर सांधणारे आरपार दगड नाहीत, आणि वर मातीच्या थरांनी जड झालेले माळवद. भूकंपाने जमीन हलवली. माणसे मात्र भिंती आणि माळवदाखाली गेली. बावन्न गावे नव्या जागी हलवली गेली. दरवर्षी त्या तारखेला श्रद्धांजली वाहिली जाते, आणि ती वाहिलीच पाहिजे. पण जुन्या गावठाणात एक सुटणारी भिंत आणि शेजारी एक सांधलेली भिंत उभी करून दाखवली, तर आलेला प्रत्येक गवंडी आणि घर बांधू पाहणारा प्रत्येक शेतकरी काहीतरी घेऊन घरी जाईल. अशाने शोकाची शाळा होते, अशी भीती कोणी व्यक्त करील. पण गेलेल्यांमुळे पुढची घरे उभी राहिली, याहून मोठा मान त्यांना कोणता देता येईल?

दिवाळीची पणती उंबऱ्यावर ठेवतो, तेव्हा भिंतही एकदा न्याहाळावी.  प्रत्येकाचे घर प्रकाशाचे असो, आणि पक्के असो.