'पेपरमिंट कँडी' चित्रपटाचा शेवट : योंग-हो का रडतो?



ली चांग-डाँग यांचा 'पेपरमिंट कँडी' (१९९९) हा कोरियन चित्रपट पाहून झाला की एक प्रश्न हमखास पडतो. विशीतला पोरगा सहलीला आलाय, आवडती मुलगी सोबत आहे, मग त्याच्या डोळ्यांत पाणी का? आज त्यावरच बोलू. (शेवट सांगणार आहे, तेव्हा आधी चित्रपट पाहिलात तर उत्तम!)

वर्गात आपण आधी कारण, मग परिणाम असं शिकवतो. इथे सगळं उलटं आहे. दिग्दर्शक स्वतः पूर्वी शाळेत शिक्षक होते, हे विशेष. १९९९ साली योंग-हो रेल्वेपुलावर गाडीसमोर उभा राहून 'मला परत जायचंय' असं ओरडतो आणि तिथून गोष्ट मागे मागे जाते. १९९४ मध्ये तो बायकोला मारणारा व्यावसायिक, १९८७ आणि १९८४ मध्ये कैद्यांचा छळ करणारा पोलीस. मग येतो मे १९८०. ग्वांगजू शहरातला लोकांचा उठाव चिरडायला पाठवलेल्या सैन्यात हा सक्तीने भरती झालेला घाबरट शिपाई असतो. पायाला गोळी लागते आणि त्याच्या हातून चुकून एक शाळकरी मुलगी मरते.

शेवटचा भाग १९७९ चा. तीच नदी, तोच पूल. कारखान्यात पेपरमिंटच्या गोळ्या कागदात गुंडाळणारी सून-इम त्याला एक गोळी देते. ही जागा आधी पाहिल्यासारखी वाटते, असं तो म्हणतो. ती म्हणते, स्वप्नात पाहिली असशील. मग तो एकटाच जाऊन पुलाखाली आडवा होतो, गाडीचा आवाज येतो आणि डोळे भरतात.

काही जण म्हणतात, त्याची इच्छा पूर्ण झाली, तो खरंच परत आला. मला नाही पटत. परत येऊन जर काहीच बदलता येणार नसेल, तर ती कसली इच्छापूर्ती? त्या पोराला पुढचं काहीच माहीत नाही. माहीत आहे ते आपल्याला. म्हणून ते रडू मला त्याच्यापेक्षा आपलं जास्त वाटतं.

पण मग योंग-होला माफ करायचं का? इथे मी जरा कडक आहे. ग्वांगजूने त्याला मोडलं हे खरं, तिथे जायचं की नाही हे त्याच्या हातात नव्हतं. पण १९८४ मध्ये सून-इम त्याला भेटायला येते, तुझे हात चांगले आहेत म्हणते. त्याच हातांनी त्याने नुकताच एकाचा छळ केलेला असतो. तो काय करतो? तिच्यासमोर मुद्दाम दुसऱ्या मुलीशी घाणेरडं वागतो आणि तिने आणलेला कॅमेराही परत करतो. हे करायला त्याला कुणी वरून हुकूम दिला नव्हता. स्वतःची किळस आली म्हणून त्याने तिला तोडलं, आणि पुढे त्याची शिक्षा बायकोलाही दिली.

पुन्हा पाहाल तेव्हा त्याच्या पायाकडे लक्ष द्या. मोठेपणी मन हललं की तो मध्येच लंगडतो. शेवटच्या भागात मात्र तो अगदी नीट चालत पुलाकडे जातो.