अॅट्रॉसिटी कोण करतं?



गिरणीत मी 'शिप्ट' म्हटलं की साहेब हसतो. 'शिफ्ट' म्हण, म्हणतो. हसू दे. आमच्या वरवंडच्या व्हिक्टोरिया तलावाला म्हातारी माणसं 'इक्टोरिया' म्हणत जन्म काढून गेली, तेवढ्यानं तळ्याचं पाणी काही आटलं नाही. जीभ आहे, वळेल तशी वळेल. बाबासाहेब कोलंबियात अन् लंडनात शिकून आले ते काय आम्ही 'फ'चा 'प' केला म्हणून लाजायला? उच्चाराचं मला सुतक नाही.

पण एका शब्दावर माझं डोकं फिरतं. अॅट्रॉसिटी. कुणी अट्रासिटी म्हणतं, कुणी नुसतं ट्रासिटी. म्हणा. भांडण उच्चाराचं नाही, क्रियापदाचं आहे. सोलापूर रस्त्यावरच्या टपरीवर चहा पिताना कानावर येतं, 'त्यानं बागायतदाराच्या पोरावर अॅट्रॉसिटी केली.' त्यानं म्हणजे कोणी? ज्याला जातीवरनं शिवी बसली, ज्याची कॉलर धरली, त्यानं! शिवी देणारा राहिला बाजूला. मार खाणारा अॅट्रॉसिटी करणारा झाला.

अॅट्रॉसिटी म्हणजे अत्याचार. डिक्शनरी काढून बघा. १९८९ च्या कायद्याचं नावच अत्याचार प्रतिबंध. त्यातला 'प्रतिबंध' गावानं गिळला आणि 'अत्याचार' आपल्या नावावर चढवला. चोरीची फिर्याद देणाऱ्याला कुणी 'यानं चोरी केली' म्हणतं का? नाही म्हणत. मग इथंच जीभ कशी घसरते? अडाणी माणूस उच्चार चुकवतो. अर्थ उलटा करायला हुशारी लागते.

शब्द उलटा झाला की पुढचं सोपं जातं. २०१६ च्या मोर्च्यांत मागणी आली, कायदा बदला, गैरवापर होतो. अरे, वापर कुठं झाला ते आधी सांगा! २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टात शिक्षा झाल्या, पण हा कायदा लागला नाही. २० मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टानं अटकेआधी चौकशी आणि परवानगीच्या अटी घातल्या. २ एप्रिलला भारत बंद झाला, माणसं मेली, तेव्हा कुठं ऑगस्टात संसदेनं कलम १८ ए घातलं.

१९३८ साली मुंबईच्या असेंब्लीत 'हरिजन' शब्द कायद्यात येत होता. बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाड विरोध करून सभागृहाबाहेर पडले. एका शब्दासाठी. आपण टपरीसुद्धा सोडत नाही.

आणि माझा खरा राग आपल्याच पोरांवर आहे. परवा एकाबरोबर ठाण्यात गेलो. टेबलावरच्या हवालदारानं विचारलं, 'कुणावर अॅट्रॉसिटी करायचीय?' आमचा पठ्ठ्या म्हणतो, 'अमक्यावर करायचीय.' तिथंच केस अर्धी हरली. मी म्हणालो, साहेब, करायची नाही, झालीय. याच्यावर झालीय.

'तेच ते,' हवालदार म्हणाला.

तेच ते नाही. मी कलम ४ काढलं. तोंडी फिर्याद लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, मगच सही घ्यायची, आणि फिर्याद देणाऱ्याला तिची प्रत द्यायची. हयगय केली तर सरकारी नोकरालाही शिक्षा आहे. हे पाठ करा, कविता नंतर पाठ करा. हवालदारानं कुरकुरत वाचलं. पहिल्याच ओळीत निघालं, 'सदर इसम अॅट्रॉसिटी करणेकामी आला.' खोडायला लावलं. पुन्हा लिहायला लावलं. 'माझेवर अत्याचार झाला' एवढे तीन शब्द कागदावर यायला दोन तास गेले.

दुसऱ्या दिवशी साहेबाला म्हणालो, काल शिप्ट चुकली. या खेपेला तो हसला नाही. खाडा मांडला.