नोंद नसलेल्यांची मोजदाद

टेरी अर्विन हे अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेतले भुंगेऱ्यांचे वर्गीकरण करणारे संशोधक. पनामात एकाच जातीच्या १९ झाडांवर त्यांनी कीटकनाशकाचा धूर सोडला. खाली पडलेल्या भुंगेऱ्यांत अकराशेहून अधिक प्रजाती निघाल्या. त्यावरून १९८२ साली, अवघ्या दोन पानांच्या लेखात, उष्ण कटिबंधात कीटकवर्गीय जीवांच्या ३ कोटी प्रजाती असाव्यात, असे त्यांनी मांडले. पुढच्या अभ्यासांनी हा आकडा बराच खाली आणला. म्हणून त्यांचे काम वाया गेले काय? आम्हाला तसे वाटत नाही. झाडांच्या शेंड्यांवरचे दुर्लक्षित जग मोजायला त्यांनी विज्ञानाला भाग पाडले. २०२० मध्ये ते गेले. प्रश्न मात्र जिवंत आहे. ज्याची नोंदच नाही, त्याच्या नाशाचा जाब कोण विचारणार?