आजी आमची, आवाज कुणाचा?



नामांतराच्या लढ्यात तुरुंगात गेलेल्या आमच्या वस्तीतल्या एका आजीची मुलाखत काही वर्षांपूर्वी एका संस्थेने घेतली. तीन तास कॅमेरा चालला. पुढे आजी गेल्या. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात दाखवण्यासाठी आम्ही ते रेकॉर्डिंग मागितले, तर उत्तर आले : हक्क आमचे आहेत, शुल्क भरा. आजीने एका इंग्रजी कागदावर अंगठा दिला होता. तो कागद तिला कुणी वाचून दाखवला नव्हता. आणि शेजारी बसलेल्या आम्ही, एम.ए. झालेल्यांनीही, तो मागितला नव्हता!

संस्थेला शिव्या देणे सोपे आहे. पण कायदा काय म्हणतो? 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रफितीचा कर्ता म्हणजे तिचा निर्माता. कॅमेऱ्यासमोर आयुष्य उलगडणारी बाई नव्हे. हा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षे टिकतो. मात्र आपला हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी, सहीनिशीच द्यावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, एवढेच धरले जाते. म्हणजे अटी घालायला जागा आहे. ती जागा आपण मोकळी सोडतो आणि दुसरे भरतात.

आपल्याकडे वारसा नाही असेही नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, बोलते करून 1989 साली 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ दिला. त्यांनी विचारले नसते तर त्या बायका आपल्या इतिहासात कुठे असत्या? 1956 साली दीक्षाभूमीवर आईचे बोट धरून गेलेली मुले आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याकडे कोण जाणार?

'ही तर समाजसेवा, यात करिअर कसले?' असे आपलेच लोक विचारतात. आमचा उलट सवाल आहे : 14 एप्रिलला मंडपवाल्याला, डीजेवाल्याला पैसे मिळतात, मग तीन तासांची मुलाखत आठवडाभर बसून उतरवणाऱ्या पोरीलाच 'चळवळीसाठी कर' का सांगता? अशाने ती दुसऱ्याच्या प्रकल्पात रोजंदारीवर राबते आणि शोधनिबंधावर नाव भलत्याचेच लागते.

यूट्यूबवर टाकले म्हणजे जतन झाले, हाही भ्रम सोडा. चॅनेल बंद पडते, हार्डडिस्क मरते. शिवाय प्रत्येक साक्ष जगापुढे मांडायची नसते. अत्याचाराची साक्ष देणारी बाई उद्या त्याच गावात पाणी भरणार असते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. संमतीपत्र मराठीत असावे आणि ते मोठ्याने वाचून दाखवावे. एक प्रत बोलणाऱ्याच्या घरी राहावी. काय दाखवायचे, काय झाकायचे हे तिनेच ठरवावे. मूळ फाइल तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावी. आणि काम करणाऱ्याला मानधन व श्रेय, दोन्ही मिळावे. वस्तीतल्या प्रत्येक विहाराने वर्गणीतला एक हिस्सा यासाठी बाजूला काढावा.

अंगठा देण्याचे दिवस बाबासाहेबांनी संपवले. आता कागद आपण लिहू.

जयभीम!