घर विकले गेले, मग डिपॉझिट कुणाकडे मागायचे?

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना एक दिवस चांगला ओळखीचा असतो. सकाळी टेम्पो दारात लागलेला असतो, कपाट दोरीने बांधलेले असते, गॅसचा सिलिंडर जिन्यात आलेला असतो. जुन्या घरमालकाने डिपॉझिट परत करायचे आणि तीच रक्कम दुपारच्या आत नव्या घरमालकाच्या हातावर ठेवायची, असा सगळा हिशेब असतो. आपल्यासारख्या बहुतेक घरांत डिपॉझिटच्या दोन रकमा कधीच नसतात. एकच रक्कम असते आणि ती आपल्या सामानाबरोबर घर बदलत राहते.

काही वर्षांपूर्वी आमच्या बाबतीत ही साखळी तुटली. पुण्यात कोंढव्याला आम्ही दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. अकरा महिन्यांचा करार, तो संपला की पुन्हा अकरा महिने. डिपॉझिट एक लाख रुपये. त्यातले ६० हजार करारात लिहिलेले आणि ४० हजार रोख, 'कागदावर कशाला' म्हणून दिलेले. घरमालक वयाने मोठे, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. जुम्याला एकाच सफमध्ये उभे राहायचो. त्यांच्याकडे पावती मागायची माझ्या अब्बांना लाज वाटली. खरे सांगायचे तर मलाही वाटली.

तिसऱ्या कराराच्या नवव्या महिन्यात चाचा एका तरुण इंजिनिअरला घेऊन आले. घर विकले होते. चहा झाला, मिठाई झाली. "तुमचे काही बदलणार नाही, फक्त भाडे आता यांना द्यायचे," असे चाचा म्हणाले. आम्ही मुबारकबाद दिली आणि पुढच्या महिन्यापासून भाडे नव्या मालकाच्या खात्यावर टाकू लागलो. करार संपताना नव्या मालकाने सांगितले की त्याला स्वतःला राहायला यायचे आहे. आम्ही वेळेवर घर रिकामे केले, चावी दिली आणि डिपॉझिट मागितले.

"मी घराची पूर्ण किंमत मोजली आहे, बँकेचा हप्ता सुरू आहे. तुमचे डिपॉझिट माझ्याकडे आलेच नाही, मी कुठून देऊ?" नवा मालक म्हणाला.

चाचांकडे गेलो. "चावी त्याला दिलीत ना बेटा? मग पैसे त्याच्याकडेच. ते धरूनच तर मी भाव कमी केला होता."

दोघांपैकी खोटे कोण बोलत होते हे मला आजही ठाऊक नाही. कदाचित कुणीच नसेल. सौदा ठरताना दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी समजून घेतल्या असतील. पण त्या बैठकीत आम्ही नव्हतो आणि तिथे आमच्या एक लाख रुपयांचा निकाल लागला, हे मात्र खरे. नव्या घराचे डिपॉझिट त्या दिवशी मामूंकडून उसने आणून भरले.

मग मी वकिलाकडे गेलो आणि आपण ज्या कागदावर सही करतो तो काय असतो, हे मला पहिल्यांदा कळले. आपल्याला वाटते आपण भाडेकरू आहोत. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ मधले कलम १०९ खऱ्या भाडेकरूला बऱ्यापैकी आधार देते. घर विकले म्हणून जुना मालक आपोआप जबाबदारीतून सुटत नाही आणि भाडेकरूने ठरवले तर तो नव्या मालकाला जबाबदार धरू शकतो. पण आपल्याकडे जो अकरा महिन्यांचा करार होतो तो 'लीव्ह अँड लायसन्स'चा असतो. तो भाडेपट्टा नव्हे, राहण्याची नुसती परवानगी असते. तिला लागू होतो त्याच वर्षीचा सुविधाधिकार कायदा आणि त्याचे कलम ५९ सांगते की परवानगी देणाऱ्याने मालमत्ता दुसऱ्याला दिली, तर घेणारा केवळ मालक झाला म्हणून त्या परवानगीने बांधला जात नाही. म्हणजे नव्या मालकाने डिपॉझिटची जबाबदारी स्वतः स्वीकारली नसेल, तर पैसे ज्याने घेतले त्याच्याकडेच मागावे लागतात.

'पैसे मिळेपर्यंत घर सोडायचेच नाही' असा सल्ला मोहल्ल्यात सर्रास मिळतो. तो महागात पडू शकतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. हा सल्ला देणाऱ्यांना ते माहीत नसते.

मग वकिलामार्फत चाचांना नोटीस गेली. सोबत नोंदणी केलेल्या कराराची प्रत होती. त्यांनी दोन हप्त्यांत ६० हजार परत केले. उरलेल्या ४० हजारांचा कागदच नव्हता. उलट नोंदणी केलेला कागद सांगत होता की डिपॉझिट साठच हजार होते. ते ४० हजार गेले. त्यात आमची चूक मोठी होती, हे मी मान्य करतो.

पण सगळा दोष भाडेकरूच्या भोळेपणावर टाकून मोकळे होणे मला पटत नाही.

आधी सरकारचे पाहा. आपल्या राज्यात लीव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क लावताना परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरले जाते आणि ते भाड्यात मिळवून त्या बेरजेवर शुल्क घेतले जाते. म्हणजे डिपॉझिट वापरायला मिळणे हा मालकाचा फायदा आहे, हे सरकारलाही मान्य आहे. त्या फायद्यावर शुल्क घेणारे सरकार ती रक्कम सुखरूप परत मिळावी म्हणून मात्र काही करत नाही. भाड्याचा करार आणि घराचे खरेदीखत, दोन्हींची नोंदणी एकाच खात्यात होते. खरेदीखत नोंदवताना 'या घरात कोण राहते, त्याचे डिपॉझिट किती आणि ते यापुढे कुणाकडे' एवढी एक ओळ सक्तीची करायला काय हरकत आहे? केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा राज्यांकडे पाठवला. त्यात राहत्या घराचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको आणि ताबा घेतानाच ते परत करावे, असे म्हटले आहे. पण तो नमुना आहे. राज्याने कायदा केल्याशिवाय त्याचा भाडेकरूला उपयोग नाही.

आता आपल्याकडे येऊ. शहराच्या अनेक भागांत नाव ऐकून 'घर द्यायचे नाही' असे सांगितले जाते, हे इथल्या वाचकांना मी नव्याने सांगायला नको. त्यामुळे आपण मोजक्या मोहल्ल्यांत दाटीने राहतो. जिथे पर्याय कमी, तिथे मालकाचा शब्द जड. भांडलो तर एजंटांमध्ये नाव खराब होईल, पुढचे घर मिळणार नाही, ही भीती डिपॉझिट सोडून द्यायला लावते. बाहेर आपल्याला घर नाकारतात त्यावर आपण बोलतो आणि बोललेच पाहिजे. पण मोहल्ल्यात आपलाच मालक आपल्याच भाडेकरूचे पैसे अडकवतो तेव्हा 'आपसातली बाब आहे, जाऊ द्या' म्हणणारेही आपणच. आमच्या बाबतीत मशिदीतल्या दोन वडीलधाऱ्यांनी मलाच समजावले. चाचांना समजवायला कुणी गेले नाही.

डिपॉझिटला आपण अमानत म्हणतो. पण अमानत जशीच्या तशी जपायची असते. मालक तर ते पैसे मुलीच्या लग्नात, गाडीत, धंद्यात वापरतो. वापरलेली अमानत हे कर्ज होते आणि कर्ज माणसाच्या माथी असते. घर विकून ते फिटत नाही. कुराणातली सर्वांत लांब आयत सूरह बकराची २८२वी आहे आणि तिचा विषय आहे उधारीचा व्यवहार लिहून ठेवणे, साक्षीदार ठेवणे. लहान असो की मोठी, रक्कम लिहायचा कंटाळा करू नका, असे ती बजावते. जी गोष्ट दीनने एवढ्या तपशिलाने सांगितली, तिचीच आम्हाला चाचांसमोर लाज वाटली!

मालकांचीही बाजू आहे. काही भाडेकरू विजेचे बिल थकवून जातात, नळ-खिडक्या मोडून जातात. त्याचा हिशेब मांडावा, बिले दाखवावीत, तेवढे कापून घ्यावे. त्यासाठीच डिपॉझिट असते. पण घर विकणे हा मालकाचा निर्णय आहे, त्याची किंमत भाडेकरूने का मोजावी?

म्हणून माझे सांगणे एवढेच. करार नोंदणीचाच करा. ती जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. पूर्ण रक्कम करारात लिहा आणि बँकेतून द्या. घर विकल्याचे कळले की नव्या मालकाला पहिले भाडे देण्याआधी तिघांच्या सहीचा एक कागद करा: डिपॉझिट किती, कुणाकडे आहे, कोण परत करणार. त्यापेक्षा चांगले म्हणजे नव्या मालकाबरोबर नवा करार. चावी देताना तारीख घालून लेखी पोच घ्या. पैसे अडकलेच तर तीन वर्षांची मुदत निघून जाऊ देऊ नका. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत मदत मिळते. आणि आपल्या इमामसाहेबांनी एखाद्या जुम्याला घरमालकांशी यावर दोन शब्द बोलावे, ही माझी मनापासूनची विनंती आहे.

चाचा ईदला भेटतात. गळाभेट होते, मी सलाम करतो. राग आता राहिलेला नाही. पण पुढच्या घराचा करार करताना मालक म्हणाले, "पूर्ण रक्कम लिहायची? आमच्यावर भरोसा नाही का?" मी म्हटले, "भरोसा आहे. तरी लिहू या." त्यांनी लिहिली. त्या घरातून निघालो त्या दिवशी टेम्पो सुटायच्या आधी पैसे माझ्या खात्यात जमा झालेले होते.