बाकाची शय्या आणि परीक्षकाचा पूर्वपक्ष

गेल्या आषाढांत एका सायंकाळीं माझा एक जुना विद्यार्थी ओसरीवर येऊन बसला. नंदुरबारांत शहाद्याच्या रस्त्याला त्याचें गाड्यांच्या बैठकी आणि सांगाडे दुरुस्त करण्याचें लहानसें दुकान आहे. शाळेंत असतां संस्कृताच्या तासाला हा मागल्या बाकावर बसून त्या बाकाचेच खिळे उपटण्यांत गढलेला असे, आणि त्यापायीं मीं त्याला कितीदां तरी उभें केलें होतें. त्या खिळ्यांनीं पुढें त्याला पोटाला लावलें आणि माझे शब्दरूपांचे कोष्टक त्याच्या कांहीं उपयोगी पडलें नाहीं, हें मी मोकळेपणें मान्य करतों. त्यानें आठ-दहा छापील पानें माझ्यापुढें ठेवलीं आणि आमच्या खानदेशी बोलींत एवढेंच विचारलें, "गुरुजी, हाई काय शे?"

तें मुंबईच्या पेटंट कचेरीचें पहिलें परीक्षण-पत्र होतें. शासकीय मराठींत पेटंटाला 'एकस्व' म्हणतात. शब्द चांगला आहे, पण कागदपत्र मात्र इंग्रजींत वा हिंदींतच चालतें, मराठींत नाहीं. बिचाऱ्यानें पत्राचें पहिलें पान पाहिलें, त्यांत 'नवीनता नाहीं' अशा अर्थाचें वाक्य त्याला कळलें, आणि आपला अर्ज फेटाळला गेला असें समजून त्यानें तें पत्र चार महिने फडताळांत टाकून दिलें. उत्तराला मुदत सहा महिन्यांची असते. शुल्क भरून ती आणखी तीन महिने वाढवितां येते; परंतु मुदतींत उत्तर गेलें नाहीं तर अर्जदारानें अर्ज सोडून दिला असेंच कायदा समजतो. म्हणजे हातीं दोन महिने उरले होते, आणि दुकानावर नवे पत्रे घालण्यासाठीं साठविलेले पैसे या अर्जांत आधींच गेलेले होते. एकट्या व्यक्तीला अर्जाचें शुल्क १६०० रुपये आणि परीक्षणाचें ४००० रुपये, हें कांहीं फार नव्हे; पण अर्ज लिहून देणाऱ्या परगांवच्या सल्लागारानें त्याच्या कित्येक पट घेतले होते.

आतां त्याची कल्पना काय, तें सांगतों. जीपगाडीच्या मागील भागांत दोन लांब बाकें समोरासमोर असतात, हें सर्वांच्या पाहण्यांतलें आहे. यानें एका बाकाची पाठ बिजागरीवर अशी बसविली कीं, एक दांडा ओढतांच ती पुढें पडून दोन बाकांमधली जागा भरून काढते आणि माणूस आडवा निजूं शकेल अशी शय्या होते. आमच्या जिल्ह्यांत, अक्राणी तालुक्यांतील पाड्यांवरून, आजही रुग्णाला झोळींत घालून खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणावें लागतें, आणि रस्त्याला लागल्यावर जी गाडी प्रथम मिळेल ती त्याची रुग्णवाहिका. बसलेल्या माणसांच्या पायांत कोंबून आणलेला रुग्ण ज्यानें एकदां पाहिला, त्याला या कल्पनेचें मोल निराळें सांगावयास नको.

परीक्षकानें मात्र पहिल्या दाव्यावरच बोट ठेवलें होतें. सल्लागारानें तो दावा असा लिहिला होता: वाहनांतील आसन, ज्याची पाठ खालीं पडल्यानें आसनाचें शय्येंत रूपांतर होतें. यावर परीक्षकानें एक अमेरिकन आणि एक जपानी जुना लेख पुढें ठेवला, आणि हें सर्व पूर्वींच विदित आहे असा आक्षेप घेतला. मी म्हटलें, "अरे, परीक्षकाचें चुकलें कोठें? तूं स्वतः भुसावळच्या गाडींत कडेच्या खालच्या बाकावर बसून गेला नाहींस काय? दोन बैठकींच्या पाठी खालीं पाडल्या कीं तेथें निजण्याची जागा होतेच कीं!" अमेरिकेंत पुलमन नांवाच्या गृहस्थानें आगगाडीच्या बैठकीची शय्या करण्याचीं पेटंटें १८६४ व १८६५ सालीं घेतलीं होतीं. आसनाची शय्या होणें ही गोष्ट आपल्या आजोबांच्याहि आधींची आहे.

येथें मला माझी जुनी तर्कसंग्रहाची पोथी आठवली. वाचकांपैकीं ज्यांनीं ती पाहिली असेल त्यांस लक्षणाचे तीन दोष ठाऊक असतीलच. गाय म्हणजे शिंगें असलेला पशु असें म्हटलें तर म्हैसहि त्यांत शिरते, ही अतिव्याप्ति. गाय म्हणजे कपिल वर्णाचा पशु असें म्हटलें तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ति. एक खुराचा पशु म्हटलें तर एकहि गाय सांपडत नाहीं, हा असंभव. पेटंटाचा दावा म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून लक्षणच होय. तो फार सैल लिहिला तर जुन्या जगांतल्या वस्तु त्यांत शिरतात आणि परीक्षक तो उडवितो. फार आंवळून लिहिला तर शेजारचा कारागीर एक खिळा बदलून निसटतो. आमच्या सल्लागारमहाशयांनीं शिंगांवरून गाय ओळखण्याचा उद्योग केला होता. मग परीक्षकानें म्हैस आणून उभी केली, यांत त्याचा दोष कोणता?

आणि हें पत्र म्हणजे निकालहि नव्हे. मीमांसेच्या अधिकरणांत विषय, संशय, मग पूर्वपक्ष आणि शेवटीं सिद्धान्त असा क्रम असतो. परीक्षकानें मांडलेला हा पूर्वपक्ष. त्याला उत्तर देण्याचा अधिकार अर्जदाराचा, आणि गरज पडल्यास समक्ष सुनावणीहि मिळते. हें कळतांच त्याच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरला. मग मी त्याला म्हटलें, "तुझी गाय कोणती, तें आतां मला सांग."

तीन सायंकाळी आम्हीं यांतच घालविल्या. मी कोश घेऊन बसावें, त्यानें खडूनें ओसरीच्या फरशीवर आकृत्या काढाव्या, आणि आमच्या घरांतून चहा यावा. परीक्षकाचा दुसरा आक्षेप पहिल्याहून अवघड होता. १९७० च्या पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमांत असें म्हटलें आहे कीं, आधींच ठाऊक असलेलीं साधनें नुसतीं एकत्र मांडलीं आणि प्रत्येक आपापलें जुनेंच काम स्वतंत्रपणें करीत राहिलें, तर त्यास शोध म्हणतां येत नाहीं. पडणारी पाठ जुनी, शय्येच्या कडेचा कठडा जुना, अडकविण्याचा खटकाहि जुना. तिन्ही एका गाडींत बसविलीं, एवढ्यानें काय झालें?

याचें उत्तर साहित्यशास्त्रवाले पानकरसाच्या दृष्टान्तानें देतात. गूळ, मिरीं, आंबट असे पदार्थ एका थाळींत शेजारीं शेजारीं मांडले तर ते निरनिराळेच लागतात. त्यांचें पानक केलें म्हणजे त्यांतल्या कोणत्याहि एकांत नसलेली रुचि उत्पन्न होते. कायद्याला हवें आहे तें पानक, थाळी नव्हे. मीं त्याला विचारलें, "तुझा कठडा आणि तुझी पाठ यांचें एकमेकांशीं कांहीं नातें आहे काय?"

तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग त्यानें जी हकीकत सांगितली ती अर्जांत कोठेंहि नव्हती. अर्ज करण्याच्या चारएक महिने आधीं, श्रावणांत, त्याच्या दुकानांत काम करणाऱ्या पोराची बहीण धडगांवपलीकडच्या पाड्यावर अडली होती. यानें आपली अर्धवट तयार झालेली गाडी काढली. तेव्हां पाठ पडत असे, पण कठडा नव्हता. चांदसैलीच्या घाटांत एका वळणावर गाडी कलली आणि ती बाई शय्येवरून घसरूं लागली. त्या पोरानें दोन्ही गुडघे शय्येच्या कडेला टेकवून आपल्या बहिणीला घाट उतरेपर्यंत तसेंच धरून ठेवलें. बाई सुखरूप जिल्हा रुग्णालयांत पोंचली. परंतु पोराचे गुडघे सोलून निघाले होते, आणि तें पाहून यानें ठरविलें कीं, कठडा उभा राहिल्यावांचून शय्या पक्की होतांच कामा नये. त्यानें पाठीच्या मुळाशीं एक जोडदांडा बसविला. पाठ खालीं येऊं लागली कीं हा दांडा मोकळ्या कडेचा कठडा वर उचलतो. आणि कठडा पुरता उभा राहिला तरच पाठीचा खटका लागतो. घाईनें, अंधारांत, घाबरलेल्या माणसानें दांडा ओढला तरी कठड्याविना शय्या व्हावयाचीच नाहीं.

"अरे, मग हीच तुझी गाय!" मी जवळजवळ ओरडलोंच.

पण लागलीच माझ्या मनांत दुसरी धास्ती उभी राहिली. अर्जाच्या तारखेपूर्वीं वस्तु लोकांपुढें उघड झाली असेल तर तिची नवीनता जाते. हा मनुष्य सारंगखेड्याच्या यात्रेंत ती गाडी मांडून बसला होता, हें मला ठाऊक होतें. विचारलें तेव्हां कळलें कीं, अर्ज कार्तिकांतला आणि यात्रा त्यानंतरच्या दत्तजयंतीची. देव पावला म्हणावयाचें. कारण प्रदर्शनांत मांडलेल्या वस्तूला कायदा बारा महिन्यांची सवलत देतो खरा, पण ती केवळ सरकारनें राजपत्रांत जाहीर केलेल्या प्रदर्शनांना. मग राहिली ती श्रावणांतली फेरी. वाजवी चांचणीसाठीं आवश्यक म्हणून अर्जाआधीं वर्षाच्या आंत वस्तूचा उघड्यावर उपयोग केला तर तेवढ्यानें पेटंट बाधित होत नाहीं, असेंहि कलम आहे. पण आम्हांला त्याचा आधार घेण्याचें कारणच उरलें नाहीं. त्या रात्रीं कठडा नव्हताच. जें गाडींत नव्हतें तें लोकांना दिसणार कोठून?

शेवटचें संकट कागदाचें होतें. अर्ज दाखल झाल्यावर दावा आंवळतां येतो, पण मूळ वर्णनांत जें नाहीं तें मागाहून घुसडतां येत नाहीं. आम्हीं तें इंग्रजी वर्णन पहिल्या ओळीपासून वाचूं लागलों. पाठीचें वर्णन दोन पानें, रेक्झिनचें अर्धें पान, आणि जोडदांड्याविषयीं एकच वाक्य. तेंहि तिसऱ्या आकृतीचें स्पष्टीकरण म्हणून. पण आकृतींत दांडा, कठडा, खटका हीं तिन्ही अंक घालून दाखविलीं होतीं, आणि वाक्यांत कठडा उभा राहिल्यावरच खटका लागतो असें स्पष्ट होतें. ती आकृति सल्लागाराची नव्हती. यानेंच आपल्या हातानें काढून दिली होती. शाळेंत वहीच्या समासांत चित्रें काढल्याबद्दल मीं ज्याचे कान धरले, त्याला तारलें तें त्याच्या चित्रानेंच.

त्यानें मग मला विचारलें, "गुरुजी, आणखी पैसे घालावे काय?" याचें उत्तर मला सोपें वाटलें नाहीं. पेटंट मिळालें म्हणजे तें टिकलेंच असें नव्हे. मिर्झापूरच्या दोन भांडेवाल्यांच्या वादांत, लेथावर भांडें धरण्याच्या एका साधनाचें पेटंट रद्द ठरवितांना सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं हेंच सांगितलें कीं, कचेरीच्या परीक्षणानें पेटंटाच्या खरेपणाची हमी मिळत नाहीं आणि कारखान्यांतील नेहमींची सुधारणा म्हणजे शोध नव्हे. पुण्याच्या बजाज ऑटोनें २००२ सालीं लहान एंजिनांत दोन ठिणगी-प्लग बसविण्याच्या योजनेचा अर्ज केला व २००५ सालीं पेटंट मिळविलें. पण टीव्हीएस कंपनीची गाडी आली तेव्हां, दोन प्लग ही जुनीच गोष्ट आहे कीं नाहीं यावरून मद्रासच्या उच्च न्यायालयांत जो वाद माजला, तो एका न्यायाधीशानें मनाई देणें, २००९ सालीं खंडपीठानें ती उठविणें, मग सर्वोच्च न्यायालय, असा फिरत राहिला आणि २०१९ सालीं तडजोडीनें मिटला. एवढे वकील आमच्या शहाद्याच्या रस्त्यावरच्या दुकानदाराला कोठून परवडावे? शिवाय पेटंट दुसऱ्याला अडविण्याचा हक्क देतें, स्वतः वापरण्याची परवानगी देत नाहीं. गाडींत बदल करावयाचा तर परिवहन कचेरीची मंजुरी निराळीच लागते.

त्याची खरी भीति मात्र वेगळी निघाली. त्याला कोणाला अडवावयाचें नव्हतें. उद्यां एखादी मोठी कंपनी हेंच आपल्या नांवावर करील आणि मलाच अडवील, असें त्याला वाटत होतें. मीं त्याला सांगितलें कीं, तेवढी काळजी मिटलेलीच आहे. अठरा महिन्यांनंतर त्याचा अर्ज आकृतींसकट प्रसिद्ध झाला आहे. तो आतां सर्व जगाला उघडा असलेला जुना लेख झाला, आणि त्यानंतर कोणी त्याच वस्तूचा अर्ज केला तर परीक्षक याचेंच पान काढून त्याच्यापुढें ठेवील. हें ऐकून तो बराच वेळ हंसत होता. आपण कोणाचा तरी पूर्वपक्ष झालों, याचा त्याला पेटंटाहून अधिक आनंद झालासें दिसलें. तरी उत्तर पाठवावें असेंच मीं सांगितलें. वाक्य आहे, आकृति आहे, आणि नवा सल्लागार केवळ दावा फिरवून लिहिण्याचे बेताचेच पैसे मागत होता. दुकानाचे पत्रे आणखी एक पावसाळा गळतील, इतकेंच.

मुदत संपण्याच्या नऊ दिवस आधीं उत्तर मुंबईस गेलें. सुनावणीचें पत्र अद्याप आलेलें नाहीं. परवां तो पुनः आला आणि उत्साहानें सांगूं लागला कीं, आतां त्यानें कठड्याला आंतून एक घडीचा पट्टा जोडला आहे, कठडा उठला कीं तो आपोआप रुग्णाच्या अंगावरून येतो, आणि तेवढें त्या उत्तरांत घालून पाठवावें. मीं त्याला मूळ वर्णनाचीं पानें पुनः उघडून दाखविलीं. त्यांत पट्टा कोठेंहि नाहीं. त्याचा अर्ज निराळा करावा लागेल, आणि तोंवर ती गाडी सारंगखेड्याला नेऊं नकोस, असें त्याला बजावून ठेवलें आहे.